सात नंबरची कॅसेट

मंडळी, बरेच दिवसांनी लिहायला बसलोय. गेले दोन महिने एका नव्याच उद्योगात होतो. घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि त्यातून एक तासभराची फिल्म करायची. पंचाहत्तरी उलटल्यावर हे कशाला, असं नाशिकच्या ताईने फोनवर विचारलंच. पण घरात अकरा कॅसेट आणि त्या चालवू शकणारा कॅमेरा एकच, तोही मरणपंथाला लागलेला. म्हटलं, आधी कोण जातं बघू.

हा कॅमेरा मुलाने 2001 साली अमेरिकेहून आणला होता. मिनीडीव्ही जातीचा, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट घेणारा. तिकडचा असल्यामुळे तो एनटीएससी पद्धतीने चित्र घ्यायचा आणि आपल्याकडे सगळं पाल. त्यामुळे सीताबर्डीवरच्या एका दुकानात कॅसेट दिली, तर त्यांच्या मशीनवर नुसता निळा पडदा. म्हणजे ज्या कॅमेऱ्याने लिहिलं, त्यानेच वाचायचं. माझ्या अक्षरासारखंच झालं हे.

पुण्याहून नात दिवाळीला आली, तिने सगळं जुळवून दिलं. आमच्या जुन्या डेस्कटॉपला फायरवायरचं कार्ड बसवलं. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक होतं, पण त्यातून हवं तसं चित्र येत नाही. त्यासाठी ही वेगळी बारीक तोंडाची वायर लागते. मग विनडीव्ही नावाचं एक छोटंसं फुकट सॉफ्टवेअर. कॅमेऱ्यात कॅसेट सुरू करायची आणि इकडे बटण दाबायचं. मला वाटलं होतं, फोटो कॉपी होतात तसं दोन मिनिटांत उरकेल. पण कॅसेट तासाची असेल तर तासच लागतो. ती आपल्या चालीने चालते आणि कॉम्प्युटर मागे बसून उतरवून घेतो, शुद्धलेखनासारखं. तासाला तेरा जीबी जागा खाते, ते वेगळंच.

उतरवलेल्या फाइली केडेनलाइव्ह नावाच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या. तिथे एका बाजूला घेतलेल्या क्लिपांची यादी असते, मधे एक चौकोन. क्लिपवर टिचकी मारली की त्या चौकोनात ती पाहता येते. आवडली तर खाली टाइमलाइनवर ओढायची. नातीने बजावलं, "आजोबा, आधी नीट बघा, हवा तेवढाच तुकडा घ्या. सगळं कोंबू नका." हे मला फार पटलं. छत्तीस वर्षं पेपर तपासलेला माणूस मी. दोनशे पानांची वही आणली, काळ्या शाईने वेळ लिहायची आणि पुढे लाल शाईने 'हवा' किंवा 'नको'.

एक गंमत सांगतो. चौकोनाखालची रेघ माउसने धरून ओढली की चित्र भराभर पळतं. दहा मिनिटांचा भाग दहा सेकंदांत. याची मला चटक लागली. सात नंबरच्या कॅसेटवर आधी 2001 चा तान्हा पोळा होता. गल्लीतली पोरं झुली घातलेले लाकडी नंदी घेऊन बोजारा मागत फिरतायत, हे 'हवा'. मग इतवारीत नेहरू पुतळ्याजवळची मारबत. काळी आणि पिवळी दोन्ही घेतल्यात, पण मी गर्दीत मागे उभा, त्यामुळे वीस मिनिटं बहुतेक लोकांची डोकीच आहेत. 'नको'. त्यानंतर 2002 चा मे महिना. कॅमेरा चालूच राहिलेला आणि स्टुलावर आडवा ठेवलेला. टेबलाचा पाय, कूलरचा खालचा भाग, फरशी. चौदा मिनिटं दुसरं काही नाही. ओढत ओढत पुढे गेलो आणि लिहिलं: 'नको'.

नात परत गेली आणि डिस्क भरत आल्याची सूचना येऊ लागली. मी विचार केला, फाइल आता सॉफ्टवेअरमध्ये आली आहे, मग डेस्कटॉपवर तिची दुसरी प्रत कशाला? टाकली काढून. टापटिपीची सवय, म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडला तर फाइल सापडत नाही असा निरोप. पोरीला फोन केला. ती म्हणाली, "आजोबा, इम्पोर्ट म्हणजे फाइल आत जात नाही. ती कुठे आहे तेवढा पत्ता नोंदला जातो." हे मला कळायला हवं होतं. हजेरीपटात नाव लिहिलं म्हणजे मुलगा हजेरीपटात बसत नाही. पहिल्या सहा कॅसेटच्या प्रती तिच्या डिस्कवर होत्या. सातव्या कॅसेटची नव्हती.

कॅसेट मात्र होती. पुन्हा लावली. या वेळी मनात धास्ती, म्हणून कानाला हेडफोन लावून समोरच बसून राहिलो. पोळा गेला, मारबत गेली, टेबलाचा पाय आला. कूलरच्या घरघरीमागे बोलणं ऐकू येत होतं. आई आणि आमची ही, कुरडयांचा चीक शिजवत होत्या. आईला जाऊन सतरा वर्षं झाली, हिला सहा. आई म्हणत होती, "घट्ट होऊ दे व पोरी, घाई काऊन करते?" मग बराच वेळ नुसती पळी घासल्याचा आवाज. ही म्हणाली, "शाळेत म्हणे हे खूप बोलतात. मुलं सांगतात मला बाजारात भेटली की. घरी आले की पेपर उघडतात." आई म्हणाली, "त्याचा बाप बी तसाच होता." दोघी हसल्या. मीही हसलो, एकटाच.

मग ही म्हणाली, "आई, मला यांना एकदा विचारायचं आहे की..." आणि टेबलाच्या पायाचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला. चारेक सेकंद. नंतर पुन्हा कूलर आणि ही म्हणतेय, "जाऊ द्या आता, राहिलंच ते."

कॅसेट मागे घेऊन पुन्हा चालवली. त्याच जागी पुन्हा चौकोन, या खेपेला जरा जास्तच. क्लीनिंगची कॅसेट फिरवली, तरी तेच. नातीला सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, आता लावू नका, जितक्यांदा फिरवाल तितकी टेप झिजेल. दुसऱ्यांदा उतरवलेली फाइल आता तीन ठिकाणी ठेवली आहे.

फिल्म झाली. सगळ्यांना पाठवतो आहे. त्यात पोळा आहे, मुलाच्या घराची वास्तुशांत आहे, मारबतीचीही दोन मिनिटं घातली. टेबलाचा पाय घेतला नाही. ती क्लिप वरच्या यादीत तशीच पडून आहे.

पहिल्या वेळी जी फाइल मी पुसली, तिच्यात ते वाक्य पूर्ण आलं होतं का? आलं असेलही. टेपची तेव्हा एक फेरी कमी झाली होती. पण तिथून मी माउस धरून पुढे निघून गेलो होतो, आवाज बंद ठेवून.