नाना वाद घालेनात

उन्हात व्यायाम कसा करावा, याचे सल्ले नागपुरात पैशाला पासरी मिळतात. डोक्याला दुपट्टा बांधा म्हणणारे आहेत, खिशात कांदा ठेवा म्हणणारे आहेत आणि मे महिन्यात व्यायाम करूच नका म्हणणारे माझ्यासारखे विद्वानही आहेत. (कांदा खिशापेक्षा झुणक्याबरोबर जास्त उपयोगी पडतो, असे माझे नम्र मत आहे.)

आमच्या शेजारचे नाना यातले कुणाचेच ऐकत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे मान्य करणे हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंबाझरीला झपाझप चालायचे व्रत घेतले. तेही पारा ४५ला टेकलेला असताना, आणि सकाळी नऊ वाजता. कारण पहाटे उठणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. म्हटले, "नाना, उन्हातल्या मेहनतीची सवय व्हायला अंगाला आठ-पंधरा दिवस लागतात. हळूहळू वाढवा."

"साठ वर्षं झाली ना जी नागपुरात! आनखी किती सवय पाह्यजे?"

"निदान पाणी तरी?"

"तहान लागली का? नाही. मंग पाणी काहून प्यावं?"

उतारवयात तहानेची वर्दी उशिरा येते, हे त्यांना कोण सांगणार? उलट त्यांनीच मला ऐकवले, की २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी पडलेले निघाले. बेसुमार पाणी प्यायल्याचा परिणाम! गोष्ट खरी आहे. पण बोस्टनला तेव्हा एप्रिल होता, आणि ती माणसे घटाघटा प्यायली होती. नाना एक घोटही घेत नव्हते.

एके दिवशी तिसरी फेरी संपवून ते डुलत आले. मी म्हटले, "नाना, बसा आता."

"बरं," नाना म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. खात्री करावी म्हणून विचारले, "संत्र्यापेक्षा मोसंबंच बरं, नाही का?"

"हो."

जन्माचा नागपूरकर! मी ओरडलोच. कुणीतरी म्हणाले, "घाम येतोय ना, मग ऊन नाही लागलेलं." पण मेहनतीने ऊन लागते तेव्हा घाम वाहत असतानाही माणसाचे भान जाते. नानांना सावलीत आडवे केले, सदरा काढला, चहावाल्याच्या दोन बादल्या अंगावर ओतल्या आणि चौघांनी दुपट्ट्यांनी वारा घातला. एक गृहस्थ त्यांच्या तोंडाला लिंबू सरबत लावत होते. त्यांचा हात धरावा लागला. भान नसलेल्याच्या घशात ते भलतीकडेच जायचे. एकाने १०८ला फोन केला होता. गाडी येईपर्यंत बादल्या चालूच ठेवल्या. लगेच अंग थंड केले म्हणून निभावले, असे डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी नाना घरी आले. थोडे थोडे प्यायला द्या म्हणून माईंना साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण सांगत होतो : १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

"चमचा कोन्ता?" पलंगावरून आवाज आला. "चहाचा का भाजीचा? नीट सांगता येत नाही अन् आले डॉक्टरकी करायला!"

माईंनी पदराने डोळे पुसले आणि चहाचा चमचा आणायला आत गेल्या.