पहाडाला आलेला फेस

जपानी चित्रकार होकुसाईची लाट मी पहिल्यांदा काढली आठवीत, एका जुन्या कॅलेंडरवरून. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि समुद्र मी पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे पद्मतीर्थ, नाहीतर नाल्याला आलेला पूर. चित्रावर चौकोन पाडले, ड्रॉइंग पेपरवर दुप्पट मापाचे पाडले आणि एकेका चौकोनातली रेघ उचलत गेले. निळा रंग संपला तेव्हा धुण्याची नीळ कालवली. कागद फुगला.

आई शेजारी तूर पाखडत होती. "काय काढून राह्यली वं?"

"लाट."

"अन् हे मांगचं?"

"ती पण लाटच. लहान."

आईने सुपावरून मान वर केली. "हा तं पहाड होय."

पहाडच होता, फुजी. त्याच्या माथ्यावरचा बर्फ मी फेस म्हणून रंगवला होता. पुढे ए.टी.डी.ला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला, कळलं, ती चित्रमालिकाच फुजीची, १८३१च्या आसपासची. होकुसाई तेव्हा सत्तरीचा. चित्र वहीच्या दोन पानांएवढं. त्यातला निळा युरोपातून आलेला प्रशियन ब्लू. आमच्या पोस्टर कलरच्या बाटलीवरही तेच नाव असायचं.

नकलेला आमच्याकडे कमी लेखतात. पण ह्या लाटेचं 'मूळ' कुठाय? चित्रकाराने पातळ कागदावर काढलेलं चित्र कोरणारा चेरीच्या फळीवर उपडं चिकटवायचा आणि कागदासकट कोरायचा. चित्र तिथंच संपायचं, उरायचा ठसा. रंगांच्या फळ्या आणखी वेगळ्या. रेघ म्हणजे आजूबाजूचं लाकूड काढून टाकल्यावर जे शिल्लक राहतं ते. पेन्सिलीने आपण नेमकं उलटं करतो, म्हणून आपली लाट मऊ पडते. होकुसाईची सही चित्रावर आहे. कोरणाऱ्याचं नाव नाही.

आता आठवीच्या पोरांना मी हाच सराव देते. लाट काढू नका, लाटेखालची पोकळी काढा, एवढंच सांगते. तरी सगळे फेसाच्या नख्यांवर तुटून पडतात. सहीची जपानी अक्षरं तर जीव लावून गिरवतात. तीन नावा शेवटी उरतात आणि माशांसारख्या येतात. मग मी नावेतली माणसं मोजायला लावते. वाकलेली, एकमेकांना चिकटलेली डोकी सापडली की वर्ग जरा गप्प होतो.

"मॅडम, हे इंटरमिजिएटच्या परीक्षेला येतं का?"

येत नाही.

माझं आठवीतलं चित्र अजून आहे. निळीचा रंग पार उडालाय. पहाडाला आलेला फेस तेवढा तसाच आहे.