टाकी गरम, गॅस कमी

नायगाव पूर्वेच्या रिक्षावाल्यांकडून मी एक तक्रार वरचेवर ऐकतो. "सर, पंपावर काटा दोनशेवर होता. घरी चहा पिऊन बाहेर आलो तर एकशेऐंशी. दिवसाढवळ्या चोरी!" माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे अब्बा रिक्षा चालवतात. मी उर्दू-मराठीचा मास्तर, पण पालकाचा प्रश्न 'विषयाबाहेरचा' म्हणून परत पाठवणं मला जमत नाही. आमच्या विज्ञानाच्या बाईंसमोर बसून हे समजून घेतलं.

सीएनजी 200 बारपर्यंत भरतात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दोनशे पट दाब. भरताना पंपाची नळी हाताला गार लागते आणि सिलिंडर मात्र तापतो. गार नळीतून आलेला गॅस आत जाऊन गरम कसा?

आत शिरणाऱ्या गॅसला मागचा गॅस सतत रेटत असतो. सिलिंडर पोलादी, फुगत नाही. तो रेटा मग आतल्या गॅसची उष्णता होऊन बसतो. सायकलचा पंप तापतो, त्याच घराण्यातली गोष्ट. पुस्तकी हिशेबात रिकामा सिलिंडर उष्णता बाहेर न सोडता भरला, तर केल्व्हिनमधलं तापमान सुमारे 1.3 पट होतं. 27 अंशांचा गॅस 117 अंशांवर! प्रत्यक्षात एवढं होत नाही. सिलिंडर पुरता रिकामा नसतो, पोलाद उष्णता पितं, आणि दाब उतरताना मिथेन थोडा गारही होतो (नळी गार लागते ती त्यामुळेच).

तापलेला गॅस कमी असूनही 200 चा दाब दाखवतो. पंप थांबतो. पुढे गॅस 60 अंशांवरून 30 वर आला की काटा 180 च्या आसपास उतरतो. गॅस कुठेही गेलेला नसतो. पैसे किलोवर घेतात आणि पंपाचं मीटर वजन मोजतं, दाब नाही. त्यामुळे उतरलेला काटा हा चोरीचा पुरावा नव्हे.

नुकसान मात्र खरं आहे, आणि ते मी मान्य करतो. टाकीत जागा उरते, पुढची रांग लवकर येते, धंद्याचा तास जातो. सावकाश भरलं तर जास्त मावेल. पण मागे चाळीस रिक्षा हॉर्न वाजवत असताना सावकाश कोण भरणार? पहाटे, सिलिंडर गार असताना गेलात तर थोडा फरक पडतो. "अजून थोडं दाबून भर" असं पोराला सांगू नका. सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणीही चुकवू नका.

आणि सिलिंडर गार झाल्यावरही काटा उतरतच राहिला किंवा वास आला, तर ती गळती समजा. मग इंजिन बंद, बिडी बंद, सवारी खाली, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, आणि रिक्षा ढकलत मोकळ्या जागेत.