पितळी स्टोव्हचा जीर्णोद्धार

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या सडकेवर नांदगांव खंडेश्वर हें तालुक्याचें गांव लागतें. बाहेरच्या लोकांस तें ठाऊक असतें, तें बहुधा खंडेश्वराच्या देवालयामुळें. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या नांवावरून ज्या बांधणीस हेमाडपंती म्हणतात, त्या धाटणीचें हें देवालय आहे. या बांधणींत चुना न वापरतां घडीव दगड एकमेकांत बसवीत. त्यामुळें एखादा दगड निखळला, तर त्या जागीं दुसरा कोणताही चालत नाहीं. त्या खांचेच्या मापाचाच घडवावा लागतो. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही या गांवीं आमच्या पुतण्याकडे आठ दिवस राहिलों, तेव्हां हाच नियम एका घरगुती वस्तूच्या जीर्णोद्धारांत आमच्या अनुभवास आला.

माळ्यावर एक जुना पितळी स्टोव्ह निघाला. चिंच लावून घांसतांच त्याची टाकी लखलखूं लागली. तो पुन्हां पेटवून त्यावर चहा करावा, असें पुतण्याच्या मनांत आलें. परंतु आमच्या वहिनींच्या लहानपणीं शेजारची एक सुवासिनी स्टोव्हच्या भडक्यांत भाजून दगावली होती. ती आठवण निघाली आणि सूनबाई म्हणाल्या, "काका, शोभेला ठेवायचा तर आजच ठेवूं. पेटवायचा असेल तर मात्र माझी पुरती खात्री पटली पाहिजे." ही अट रास्तच होती.

स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट यानें 1892 सालीं प्रायमस स्टोव्ह प्रचारांत आणला; आपल्या घरोघरचे स्टोव्ह त्याच तत्त्वावरचे. पंपानें टाकींत हवा कोंबली कीं तिच्या दाबानें रॉकेल वर चढतें, तापलेल्या बर्नरांत त्याची वाफ होते, आणि ती निपलच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडून निळ्या ज्योतीनें जळते. सारी मदार तीन-चार क्षुल्लक वस्तूंवर असते. पंपाचा कातडी वायसर सुकला तर हवा भरत नाहीं. पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह गळला तर रॉकेल पंपांत शिरतें. बर्नरखालचा शिशाचा वायसर नीट बसला नाहीं तर सांध्यांतून पाझरलेलें रॉकेल पेट घेतें. आणि निपलचें छिद्र मोठें झालें तर ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. आमच्या स्टोव्हची टाकी धडधाकट होती, पण या चारही वस्तू निकामी झाल्या होत्या.

कातडी वायसर गांवांतच झाला. सायकलच्या दुकानांतील पंपाचा वायसर किंचित् सैल पडला, म्हणून एका वृद्ध चर्मकारानें मापाची चकती कापून, ती भिजवून वाटीसारखी वळविली आणि रात्रभर गोड्या तेलांत मुरविली. बाकीच्या वस्तूंसाठीं एसटीनें अमरावती गांठावी लागली. नागपूरपासून शिर्डीपर्यंत 2022 सालीं खुला झालेला समृद्धी महामार्ग याच तालुक्यांतून जातो आणि त्यावर मोटारी वाऱ्यासारख्या धांवतात. आम्ही मात्र नखाएवढ्या निपलसाठीं पेंढाऱ्यांच्या भयानें बांधलेल्या परकोटाच्या आंतल्या गल्ल्या दिवसभर पायीं तुडविल्या. घरोघरीं गॅस आल्यावर स्टोव्ह दुरुस्त करणारे आपोआप नाहींसे झाले. एका दुकानदारानें जुन्या डब्यांतून एक निपल काढून, "चालून जाईल, घेऊन जा," असें सांगितलें; पण त्याचे आटे आमच्या बर्नरांत दोन फेऱ्यांनंतर अडत होते.

शेंवटीं इतवारा बाजारांत कुकर व गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनीं माप विचारलेंच नाहीं. जुना नमुना मागून घेतला. आटे जुळवून पाहिले, पिन छिद्रांत घालून पाहिली, आणि तिसऱ्या डब्यांतील निपल हातावर ठेवून म्हणाले, "गुरुजी, जवळपास बसते थो वायसर कामाचा नाई. बरोब्बर बसते थोच कामाचा." व्हॉल्व्ह व शिशाचा वायसरही त्यांच्याकडेच मिळाला.

मिलानच्या गाज्जानें 1948 च्या सुमारास प्रचारांत आणलेलीं तरफेचीं कॉफीयंत्रें जतन करणाऱ्या शोकिनांचीही हीच कथा. पितळ-तांब्याचा देह पिढ्यान् पिढ्या टिकतो. कुजतें तें रबरी कडें, आणि शोध करावा लागतो तोही त्याचाच.

घरीं आल्यावर रिकाम्या टाकींत हवा भरून स्टोव्ह पाण्याच्या घंगाळांत बुडविला. सूनबाई बराच वेळ पाहत उभ्या होत्या. एकही बुडबुडा आला नाहीं. मग अंगणांत, मोकळ्या जागीं, काकडा लावून तो पेटविला. ज्योत निळी व स्थिर होती. चहा झाला, चावी सोडून हवा काढली, आणि स्टोव्ह कपाटांत गेला.

आमच्या वाचकांच्या माळ्यावरही असा एखादा स्टोव्ह असेल. तो पेटवावयाचा असल्यास बुडबुड्यांची परीक्षा अवश्य करावी, आणि झिजलेला वायसर किंवा निपल निरुपयोगी म्हणून फेंकूं नये. नव्याचा शोध करावयाचा तो त्या जुन्याच्याच आधारानें.