लाँचच्या पलीकडची शाळा

लग्न होऊन मी वाईहून कोयनेच्या पाण्यापलीकडं आले, तेव्हा डी.एड. आणि टीईटी दोन्ही झालं होतं. नोकरी तेवढी नव्हती. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथून पुढं लाँच. १९६०च्या दशकात धरण झालं, शिवसागर जलाशय भरला आणि वर सरकून राहिलेल्या आमच्यासारख्या गावांच्या पुढं पाणी, मागं अभयारण्य. नकाशात बेट नाही एवढंच.

शिक्षक भरतीची २०२३ची अभियोग्यता चाचणी दिली. पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरायचे, तर गावात रेंज नाही. धाकटे दीर आणि मी देवळामागच्या टेकाडावर मोबाईल घेऊन बसायचो. पान उघडेपर्यंत बॅटरी उतरायची. २०२४च्या सुरुवातीला यादी लागली, त्यात माझं नाव होतं. आत्याबाईंनी गावभर साखर वाटली.

समुपदेशनात वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांनी रस्त्यालगतच्या शाळा घेतल्या. माझी पाळी आली तेव्हा आमची शाळा शिल्लकच होती. साहेब म्हणाले, “मॅडम, अवघड क्षेत्र आहे. लाँच लागते.”

“लाँच मला माहेरी जायला लागते, सर. शाळेत चालत जाईन.”

पहिली ते चौथी एकाच खोलीत. बहुतेकांचे वडील मुंबईला, पोरं आजी-आजोबांजवळ. याआधीचे गुरुजी तीन वर्षं काढून बदलीस पात्र झाले की जात. त्यांना दोष कसा द्यायचा? उन्हाळ्यात पाणी उतरलं की लाँच काठाला लागत नाही, चिखल तुडवत यावं लागतं. पावसाळ्यात वारा सुटला की ती बंदच. पण पोरांची वाचनाची गाडी प्रत्येक बदलीला अडते, हे मी सून म्हणून बघत होते. म्हणून मला मनापासून वाटतं, इथला शिक्षक रात्री इथंच मुक्कामाला असावा.

वजाबाकी आम्ही काठावर शिकतो. दर सोमवारी पाण्याच्या कडेला खुंटी ठोकायची, आधीच्या खुंटीपासून पाणी किती पावलं हटलं ते मोजायचं. उन्हाळ्यात जुन्या गावठाणाची जोती उघडी पडतात. तिसरीतला एक जण आजोबांना घेऊन आला. त्यांनी आपलं घर, शेजारचं घर, शाळा कुठं भरायची, सगळं काठीनं दाखवलं. त्या दिवशी परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलंच नाही.

शिक्षणसेवकाचं मानधन १६,००० रुपये. आमच्या शाळेतलं शिक्षकाचं दुसरं पद अजून रिकामं आहे. वाई, पाचवड, भुईंजकडच्या मुलींनो, समुपदेशनात ही शाळा दिसली तर घ्या. राहायची सोय आमच्या माडीवर होईल.