पाखरांच्या वाटणीची झाडं

२४ फेब्रुवारी, पुणे
तुती पिकायला लागली. उजाडायच्या आत लालबुड्या बुलबुलांचा कलकलाट. एकाच फांदीवर हिरवी, लाल, काळी फळं. बुलबुलानं लाल फळ चोचीत धरून पाहिलं, सोडलं आणि शेजारचं काळं ओढून घेतलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जाळी नाही का लावायची?" पाखरांसाठीच लावलीय हो काकू. खालच्या फांद्या मुलांच्या, वरच्या त्यांच्या. शिवाय तुती फार गुणी: पावसाळ्यात रोवलेली वीतभर काडीही जगते, छाटली की नव्या फुटीला परत फळं धरतात.

१२ मार्च
मागच्या गल्लीतला उंबर लगडलाय. तांबट दिवसभर टुक् टुक् करतोय. हरियाल मात्र पानांत दिसतच नाही. टपकन फळ पडलं की वर बघायचं. आपला राज्यपक्षी हा, आणि किती जणांना ओळखता येतो? उंबर घराच्या पायाशी नको, मुळं लांब पसरतात. पण मैदानाच्या कडेला, देवळामागे हवाच.

२ एप्रिल
माळीदादांना फवारणी नको म्हणून सांगितलं. बुलबुल स्वतः फळं खातो, पण पिल्लांना भरवायला त्याला अळ्या-किडे लागतात.

२९ जून
कढीपत्त्याचे घोस पिकले! हिरव्याचे लाल, लालाचे जांभळट काळे. ठिपक्यांची कोकिळा येऊन बसली, एकेक मणी गिळत राहिली. भिंतीवर जांभळे डाग, कुंपणालगत कोवळी रोपं. याचं बी ताजं असतानाच रुजतं आणि पाखरं ते ताजंच पेरतात. पानं वाढावीत म्हणून लोक तुरे खुडतात, याचं फार वाईट वाटतं.

४ जुलै
नर्सरीत सिंगापूर चेरी सुचवली. भराभर वाढते, जवळजवळ वर्षभर फळते, पाखरं तुटून पडतात. एखादी असू दे, पण आधी आपली भोकर आणि करवंद. करवंदाच्या काटेरी जाळीत घरटं केलं तर मांजराचा शिरकाव अवघड. टणटणी मात्र मुळीच नको. तिची काळी फळं खाऊन पाखरांनीच ती डोंगरभर पसरवली आहे.

पाऊस आहे तोवर एक रोप लावाच. जागा नसेल, तर दारच्या कढीपत्त्याचे तुरे यंदा खुडू नका.