मुकाट पहारेकरी

अनारसा तुपात सोडल्यावर हसला, तर सुगरणीचाही इलाज चालत नाही. जे पारखायचं ते पीठ हाताशी असतानाच पारखायला हवं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, रस्ट भाषेत लिहिताना मला या पाकशास्त्राची वारंवार आठवण होते.

डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या ६.१ या आवृत्तीपासून रस्टला या घरात प्रवेश मिळाला. साधा प्रोग्राम चुकला तर बहुधा तो एकटाच मरतो. कर्नेल चुकलं तर सारं यंत्र आडवं होऊ शकतं. म्हणून तिथल्या काही प्रश्नांचा निकाल कोड चालण्याआधीच, कंपायलरच्या नजरेखाली लागलेला बरा.

एखाद्या उपकरणाची ४०९६ बाइटांची जागा घ्या. शून्यापासून मोजत ४०९२ या स्थानापासून चार बाइट वाचता येतात. ४०९६ पासून वाचू गेलात, की शेजाऱ्याच्या घरात शिरलात! हे रोखायला 'बिल्ड असर्ट' नावाचा पहारेकरी आहे. त्याची युक्ती मोठी मिस्कील. अट मोडली, तर तो अशा एका फंक्शनला हाक मारतो, की जे जोडणीच्या वेळी सापडतच नाही. अट पाळली जाते असं कंपायलरला दिसलं, तर तो ती हाकच पुसून टाकतो. नाहीतर लिंकर कर्नेल जोडायचंच नाकारतो. आणि न सापडलेलं नाव तेवढं सांगतो. दोष कुठल्या ओळीत, ते तुम्ही शोधायचं!

यात एक मेख आहे. आकडा ठाऊक असतो बोलावणाऱ्याला. तपासणी असते वाचणाऱ्या फंक्शनात. ते फंक्शन वेगळं बिऱ्हाड करून राहिलं, तर त्याला आकडा कळत नाही, आणि निर्दोष कोडही अडवला जातो. म्हणून त्याचा मजकूर बोलावणाऱ्याच्या मजकुरात मिसळावा लागतो. यालाच इनलाइन करणं म्हणतात. एरवी ही सोय वेगासाठी, कंपायलरच्या मर्जीवर सोपवलेली. इथे प्रश्न न्यायाचा. म्हणून 'नेहमी इनलाइन कर' अशी ताकीदच लिहून ठेवावी लागते.

मला या पहारेकऱ्याचं कौतुक वाटतं ते त्याच्या निरोप घेण्याचं. खात्री पटली, की तयार कर्नेलात त्याची खूणही उरत नाही. दुरून तपासणारा पुष्कळदा निरपराध्यालाच धरतो. घरात येऊन, आकडा पाहून, मुकाट निघून जाणारा तोच खरा पारखी.